पद्माकाकूंचा डबा

“टाका गं फोन, टाका! आठला पाच कमी आहेत. लाल झालात तर मला बोलायचं नाही!”

मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात सिस्टरच्या टेबलापाशी उभी राहून मी ओरडत होते. हातात स्टीलचा डबा. गोल, चांगला पाच किलोचा, शेंगदाण्याच्या लाडूंचा वास अजून पुरता न गेलेला. झाकणावर आणि डब्याच्या अंगावर, दोन्हीकडे नाव कोरलेलं : सौ. पद्मावती बाळगोंडा हेरवाडे. ही आमच्या तृप्तीची आई. तृप्ती आणि मी एका वर्षाच्या, एका युनिटच्या आणि हॉस्टेलवर एकाच खोलीतल्या. लाडू आम्ही पाच मुलींनी आठ दिवसांत संपवले होते आणि डबा मी कामाला लावला होता.

त्या वर्षी आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टरांच्या फोनमध्ये ‘विश्राम’ नावाचं ॲप घालायला लावलं होतं. फोन दवाखान्याच्या इमारतीत शिरला की ड्युटी सुरू, फोन हॉस्टेलवर गेला की ड्युटी संपली. आपण काही दाबायचं नाही, सगळं त्याचं तेच करणार. बारा तासांच्या वर फोन दवाखान्यात राहिला की तुमचं नाव लाल व्हायचं. नाव लाल झालं की युनिटच्या प्रमुखांकडे खुलासा मागायचे, आणि मग प्रमुख आमच्याकडे कसा खुलासा मागायचे ते सांगायला नको. मागच्या महिन्यात एक मुलगा तीनदा लाल झाला, तर त्याच्या प्रबंधावरची सही अडली ती अडलीच.

ॲप आलं म्हणून पेशंट कमी झाले नव्हते आणि डॉक्टर वाढले नव्हते. तास होते तेवढेच राहिले. मग माझं डोकं चाललं. ड्युटी आम्ही करायची, विश्रांती फोनांनी घ्यायची! बारा तास भरत आले की पाचही जणींचे फोन डब्यात घालायचे, हॉस्टेलवर आमच्या खोलीच्या खिडकीत ठेवून यायचे आणि कामाला लागायचं. पहिल्या दिवशी मी झाकण लावून आले, तर स्टीलच्या डब्यात रेंजच जाईना. ॲपवर ‘संपर्क नाही’ असं पिवळं आलं. दुसऱ्या दिवसापासून झाकण बाजूला काढून ठेवायला लागले. आमचे तिसऱ्या वर्षाचे सीनियर, बेलवलकर सर, मला म्हणाले होते, “खोत, तू डॉक्टर कशाला झालीस? तुला मंत्रालयात घ्यायला पाहिजे.” मी चार दिवस फुगून फिरत होते. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तर त्या गुरुवारी सकाळी तिघींनी फोन टाकले, मी माझा टाकला. तृप्ती फोन हातात धरून उभी.

“मंजे, आज माझा राहू दे गं. अण्णांचा फोन येईल. काल संध्याकाळी छातीत जळजळतंय म्हणत होते.”

“पित्त असेल. काय खाल्लं होतं?”

“ठेचा-भाकरी.”

“मग! ठेचा खाऊन काय गार वाटणारे? टाक. दुपारी दोनला आणतेच आहे मी.”

“तसं नाही गं...”

“तृप्ते, काल रात्री आठला आपण आत आलोय. आठ वाजले. आज मुंबईची पाहुणेमंडळी येणारेत ॲप बघायला. नेमकी आजच तू लाल हो म्हणजे झालं!”

तिने फोन टाकला. मी डॉक्टर होते, सहा वर्षं शिकलेली. पन्नाशीच्या माणसाची छाती जळजळतेय म्हटल्यावर काय काय विचारायचं असतं ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण मैत्रिणीच्या वडिलांना आपण पेशंट समजत नाही. मी डबा घेऊन पळाले, खिडकीत ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि आठ वाजून दहा मिनिटांनी परत आले.

नऊ वाजता तृप्तीला एका पेशंटबरोबर जावं लागलं. आमच्याकडचं सीटी मशीन चार दिवसांपासून बंद होतं, म्हणून अर्धांगवायूच्या एका बाईंना गावाच्या दुसऱ्या टोकाला खाजगी सेंटरमध्ये न्यायचं होतं. बाईंच्या घशात नळी, आणि ॲम्ब्युलन्समध्ये सारखी हाताने पिशवी दाबत श्वास द्यायचा. तृप्ती पिशवी दाबतच गाडीत चढली. मला बघून म्हणाली, “भूक लागलीय गं. आल्यावर पोहे सांग.” मी अंगठा दाखवला आणि कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात आले. त्या दिवशी मेडिसिनची तिथली बाजू बेलवलकर सरांकडे आणि माझ्याकडे होती.

नऊ चाळीसला दारात एक वडाप येऊन थांबलं. आमच्या भागात खेड्यातून माणसं भरून आणणारी जीप असते ना, ती. ड्रायव्हर आणि एक बाई मिळून एका माणसाला उतरवत होते. माणूस घामाने भिजलेला, सदरा अंगाला चिकटलेला, एक हात छातीवर. मी ट्रॉली ओढत गेले आणि बाईंनी तोंड वर केलं.

“मंजिरी न्हवं तू? आगं बाय माजे! बरी घावलीस. ह्यास्नी बघ की गं. पहाटंपास्नं छातीत धरलंय.”

पद्माकाकू होत्या. आणि ट्रॉलीवर अण्णा. दिवाळीत मी त्यांच्या घरी दोन दिवस राहून आले होते. त्यांची पिठाची गिरणी होती, ज्वारीचं पोतं ते एका झटक्यात खांद्यावर घ्यायचे आणि वर मलाच विचारायचे, “डॉक्टरीणबाई, तुम्ही उचलताय का एक?” तो माणूस आता डोळे मिटून पडला होता.

“तृप्ती कुटं हाय?” काकूंनी विचारलं. “सक्काळपास्नं फोन लावतोय, उचलंना झालीया.”

“येईल, काकू. आधी अण्णांना बघू.”

ईसीजीची पट्टी काढली. हृदयविकाराचा झटका होता, तोही मोठा, हृदयाच्या समोरच्या भिंतीचा. पट्टी बघून बेलवलकर सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सिस्टरना म्हणाले, “गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काढा.” घड्याळात नऊ पन्नास झाले होते. असल्या वेळी प्रत्येक मिनिटाला हृदयाचा थोडाथोडा स्नायू मरत असतो. हे आम्हाला पाठ असतं.

“याआधी काही आजार? ऑपरेशन? पोटात अल्सर?” सर भराभर विचारत होते.

“कायबी न्हाई,” काकू म्हणाल्या. “निस्तं मागल्या म्हैन्यात गिरणीच्या पायऱ्यांवरनं पडल्यालं. डोस्क्याला सात टाकं पडलं.”

सरांचा हात थांबला. “डोक्याला? आत रक्त झालं होतं का?”

“त्ये मला काय ठावं? तृप्तीनं डोस्क्याचा फोटू काढून घेतल्याला. रिपोर्ट तिच्याकडंच हाय, फोनमदी. तिलाच सगळं म्हाईत.”

हे इंजेक्शन शरीरातली कुठलीही गुठळी विरघळवतं. महिनाभरापूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर ते देणं म्हणजे माणसाला हाताने मारणं. आणि झालेला नसेल तर न देणं म्हणजे हृदय डोळ्यांसमोर मरू देणं. दोन्हींत काय खरं ते एका कागदावर होतं, कागदाचा फोटो तृप्तीच्या फोनमध्ये होता, आणि फोन दोनशे पावलांवर आमच्या खिडकीत, लाडवांच्या डब्यात होता. मला तिच्या फोनचा पॅटर्नसुद्धा माहीत होता. पळत गेले असते तर पाच-सहा मिनिटांचं काम.

मी सरांना बाजूला घेतलं. “सर, फोन खोलीवर आहे. मी आणते.”

“जा. पळ.”

मी वळले आणि दारातून अधीक्षक साहेब आत आले. बरोबर मुंबईचे तीन पाहुणे, मागे दोन शिपाई, एकाच्या हातात फुलांचे गुच्छ. सर माझ्या कोपराला धरून एवढंच म्हणाले, “थांब.”

“सर, पण...”

“खोत, तिचा फोन आत्ता इमारतीत आला की साहेबांच्या स्क्रीनवर ती आली म्हणून दिसणार. आली म्हणजे कुठाय, विचारणार. कुठाय ती? ॲम्ब्युलन्समध्ये, चौदाव्या तासाला. मग सगळंच बाहेर येईल. माझी परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. पाच मिनिटं थांब, ते जातील.”

आता सरांना दोष देणं सोपं आहे. खरं सांगायचं तर त्यांनी मला बांधून ठेवलं नव्हतं. मी घाबरले. डब्याची कल्पना माझी होती. चौकशी झाली असती तर पहिलं नाव माझंच निघालं असतं, आणि माझ्या घरी पहिल्यांदाच कुणीतरी डॉक्टर होत होतं. पाच मिनिटंच तर आहेत, असं मी मनाशी म्हटलं. फोन खोलीतच उघडून रिपोर्ट वाचून यावं, एवढंसुद्धा त्या भीतीत सुचलं नाही.

साहेब निघायचं नाव घेईनात. ते टेबलावरच्या टॅबवर पाहुण्यांना नावं दाखवत बसले. “हे हिरवे म्हणजे विश्रांतीवर. हे निळे ड्युटीवर. लाल आज एकही नाही, बघा.” पाहुणे माना डोलवत होते. मी अण्णांच्या हाताची नाडी धरून उभी होते, पण लक्ष भिंतीवरच्या घड्याळावर. दहा. दहा वाजून चार मिनिटं. सर त्या डोक्याचा फोटो काढलेल्या दवाखान्यात फोन लावत होते. तिथे कुणी उचलत नव्हतं. सीटी सेंटरला लावला तर ते म्हणाले, ॲम्ब्युलन्स नुकतीच निघाली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर कुणाकडेच नव्हता.

“आगं, तृप्तीला बोलवा की कुणीतर!” काकूंचा आवाज चढला. सगळी कॅज्युअल्टी वळून बघायला लागली.

साहेबांनी विचारलं, “काय झालं? कोण तृप्ती?”

“माजी पोरगी! हितंच डॉक्टर हाय!”

टेबलावरच्या गवंडी नावाच्या क्लार्कने टॅबवर बोट फिरवलं. “डॉ. तृप्ती हेरवाडे. सर, त्या ड्युटीवर नाहीत. आठ वाजून सात मिनिटांपासून हॉस्टेलवर विश्रांती घेत आहेत.”

“बघा,” साहेब पाहुण्यांना म्हणाले, “पूर्वी असं एका मिनिटात कळायचं का?” मग काकूंकडे वळून चांगल्या मायेने म्हणाले, “बाई, काळजी करू नका. तुमची मुलगी रात्रभर ड्युटी करून झोपलीय. कुणाला पाठवू का उठवायला?”

काकूंचा चेहरा एकदम निवळला. “झोपलीया व्हय? म्हणून उचलंना झालीया तर. नगं, कुणाला नगं पाटवू. मीच जाते. बिचारी दमली आसंल, दुसऱ्यानं उठीवलं की दचकती. मी हाक मारली की उठती ती.”

ट्रॉलीवरून अण्णा काहीतरी पुटपुटले. ऑक्सिजनच्या मास्कमुळे कळलं नाही. काकूंनी त्यांच्या कपाळावरून पदर फिरवला, मला म्हणाल्या, “तू बस गं ह्यांच्यापाशी, मी आत्ता घिऊन येते तिला,” आणि चपला ओढत निघाल्या.

तोंड उघडायला तीच वेळ होती. काकू, ती तिथे नाही, एवढंच. चार शब्द! साहेब तीन हातांवर होते, सर माझ्याकडे बघत होते, आणि माझी दातखिळी बसल्यासारखी झाली. मी त्या माउलीला रिकाम्या खोलीकडे जाऊ दिलं. वर मनाला सांगितलं, बरं झालं, त्या फोन तरी बघतील, मला जायला नको. इतकी नीच होते मी त्या क्षणी.

पुढचं मला नंतर हॉस्टेलच्या शेवंताबाईंनी सांगितलं. काकू आमच्या दारापुढे उभ्या राहून हाका मारत होत्या. “तृप्ते, ऊठ. तृप्ते, आण्णास्नी आणलंय बघ.” आधी हळू, मग दार बडवून. दार बाहेरून कुलूप लावलेलं आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. शेवंताबाईंनी दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. दोन्ही खाटा रिकाम्या, चादरी घडी केलेल्या. काकू तिथेच बसल्या म्हणे, तोंडाला पदर लावून. पोरीचं काहीतरी बरंवाईट झालं आणि हे लोक लपवताहेत, असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडून आपला बटणांचा फोन काढला आणि नंबर लावला, आणि खिडकीतला डबा वाजायला लागला.

इकडे अण्णांचं ब्लडप्रेशर उतरायला लागलं होतं. नव्वद. मग पंच्याऐंशी. ओठ राखाडी पडायला लागले. दहा वीसला त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. साहेब पाहुण्यांसाठी चहा मागवत होते.

“सर, मी जाते,” मी म्हटलं. “काय व्हायचं ते होऊ दे.”

“पेशंट सोडून जाऊ नकोस आता,” सर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. “प्रेशर पडतंय. सलाईन धर.”

दहा तीसला काकू आल्या. चालत नव्हत्या, पळत होत्या, अनवाणी. पोटाशी डबा धरलेला. सवयीने झाकण घट्ट लावलेलं, वाटेत काही सांडू नये म्हणून बायका लावतात तसं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि टॅबच्या शेजारी डबा आपटला. चहाचे कप हिंदकळले.

“ह्यो डबा माजा हाय,” त्या म्हणाल्या. “माजं नाव हाय बघा ह्येच्यावर. मी लाडू घालून दिल्याला. तुमी म्हनला पोरगी झोपलीया. कुटं झोपलीया माजी पोरगी? ह्येच्यात?”

आणि त्यांनी झाकण उघडलं.

झाकण उघडलं तशी फोनांना रेंज आली. एक फोन बोलला, लगेच दुसरा, मग पाचही एकात एक मिसळून, त्या गोड बायकी आवाजात : “आपली उपस्थिती नोंदवली आहे. आपली ड्युटी सुरू झाली आहे. आपला दिवस शुभ जावो.” टॅबवर पाच नावं एकदम हिरव्याची निळी झाली. सगळी कॅज्युअल्टी डब्याकडे बघत होती आणि डबा बोलत होता.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“सर, मुली फोन विसरल्या असतील...” बेलवलकर सर म्हणायला लागले.

मी पुढचं ऐकलं नाही. डब्यात हात घातला, तृप्तीचा फोन काढला, पॅटर्न ओढला. स्क्रीनवर काकूंचे सव्वीस मिस्ड कॉल. फोटो एकेक सरकवत गेले : गिरणी, अण्णा, लाडू खाताना आम्ही पाच जणी, मग तो कागद. मी मोठ्याने वाचलं, “मेंदूत रक्तस्राव नाही. कवटीला इजा नाही.” सिस्टर तयारच होत्या. दहा वाजून चाळीस मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

मग काकू माझ्याजवळ आल्या. “मंजिरी, खरं सांग. तृप्ती जित्ती हाय न्हवं?”

“आहे, काकू! ठणठणीत आहे. पेशंट घेऊन गावात गेलीय, येईलच आता. काल रात्री आठपासून कामावरच आहे ती. झोपलेलीच नाही.”

“आन् ह्ये म्हनलं त्ये, झोपलीया म्हून?”

“फोन झोपला होता, काकू. फोन आम्ही तिथं ठेवतो.”

“तुला ठावं हुतं? मी निगाले तवा?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांनी मला दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वळल्या आणि अण्णांच्या पायांशी जाऊन उभ्या राहिल्या.

अकरा वाजता तृप्ती आली. ॲम्ब्युलन्समधून उतरून पेशंट आत देऊन, दोन्ही हात झटकत, पोह्यांचं विचारायला माझ्याकडे येत होती. तिने आधी टेबलावरचा डबा पाहिला, मग आईला. मी काही सांगायच्या आत ती ट्रॉलीपाशी पोहोचली होती. पट्ट्या हातात घेऊन एकामागून एक बघितल्या. रडली नाही. मला एवढंच विचारलं, “किती वाजता आले?”

“नऊ चाळीस.”

“इंजेक्शन?”

“दहा चाळीस.”

ती डॉक्टर होती. तिला पुढचा हिशेब सांगावा लागला नाही. तरी मी सांगितलं, कारण सांगितलं नसतं तर मी मेले असते. “त्यातली पस्तीस मिनिटं माझी आहेत, तृप्ते. मला रिपोर्ट कुठे आहे ते माहीत होतं. साहेब होते म्हणून गेले नाही.” तिने अण्णांचा सदरा कापायला कात्री मागितली.

अण्णा वाचले. पण हृदयाचा तिसरा हिस्सा कामातून गेला. गिरणी पुढे चुलतभावाने चालवली. अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि दहा पावलं चालले की थांबायचे. ते सहा वर्षं जगले. मी दरवर्षी जायची, आणि ते कधी पोतं उचलण्यावरून चेष्टा करायचे नाहीत.

चौकशी लागलीच लागली. डबा कार्यालयात नेऊन त्याला चिठ्ठी चिकटवली. काकूंना मी म्हटलं, मी अर्ज करून सोडवून आणते, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. घरात दुसरा हाय.” आम्हाला एकेकीला बोलावून लेखी जबाब मागितला. कार्यालयातला माणूस भला होता, स्वतःच सुचवायचा, “मॅडम, ‘फोन खोलीवर विसरला’ असं लिहा, मिटेल.” तिघींनी तसं लिहिलं. त्यांचा मला राग नाही. बेलवलकर सरांनी मला ओळखच दाखवायची बंद केली. तृप्तीने खरं लिहिलं, पण एकटीच्या शब्दाला कोण विचारतो? ॲम्ब्युलन्सच्या वहीत डॉक्टरचं नाव लिहायची पद्धत नव्हती, आणि ॲपमध्ये नोंद होती, आठ सातपासून विश्रांती. आणि वडापचा ड्रायव्हर ते गवंडीच्या तोंडून ऐकून गावात सांगत सुटला होता : बाप मरायला टेकलेला आणि लेक दोनशे पावलांवर झोपली होती, आईने हाका मारल्या तरी उठली नाही. तृप्तीची आत्या भेटायला आली ती तिच्याशी बोललीसुद्धा नाही.

माझा जबाब शेवटचा होता. खरं लिहिलं तर काय होईल ते मला बेलवलकर सरांच्या मित्राने नीट समजावून सांगितलं होतं : सहा महिने मुदत वाढणार, प्रबंध अडणार, शिवाय डोकं माझं म्हणून सगळ्यांचं खापर माझ्यावर. झालंही पुढे तसंच, अगदी दिवसाच्या हिशेबाने. दोन दिवस मी कोरा कागद पर्समध्ये घेऊन फिरत होते.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत सलाईन बदलायला गेले तर तृप्ती अण्णांच्या खाटेवर बसली होती. मास्क निघाला होता. अण्णा तिचा हात धरून हळूहळू बोलत होते.

“त्या दिवशी झोपली हुतीस न्हवं? मी ऐकलं ना, त्यो बाबा सांगत हुता. मी तुज्या आईला म्हनत हुतो, उठवू नगंस तिला. रातभर जागती ल्येक. पर ती कुटली ऐकती.” त्यांना धाप लागली, थांबले, मग तिच्या हातावर थोपटलं. “झोप लागली, बरं झालं बघ.”

मला वाटलं, आता ती सांगेल. तिने सांगितलं नाही. म्हणाली, “हो अण्णा. चांगली झोप लागली होती.”

ती बाहेर आली, जिन्याच्या कठड्याला टेकली आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडली, तोंडात ओढणी कोंबून. मी जवळ गेले तर मागे सरकली नाही. नाक पुसत म्हणाली, “त्यांना झोपलेली वाटते तर वाटू दे, मंजे. त्यांना तेवढंच बरं वाटतं. पण कागदावर मला झोपलेली ठेवू नकोस.”

मी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून पर्समधला कागद काढला, मांडीवरच्या केसपेपरावर ठेवला आणि लिहायला लागले. तारीख टाकली. खाली पहिली ओळ लिहिली : ‘डॉ. तृप्ती हेरवाडे त्या दिवशी सकाळी जाग्या होत्या.’